पट्टी बांधून वाचणारी पुतणी आणि माझं पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र

केतकी_मिरज
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. मी ४३ वर्षांची, मुलगी हॉस्टेलला गेली तसं राहिलेलं बीए बाहेरून पूर्ण करायचं ठरवलं आणि मानसशास्त्र घेतलं. घरात सगळ्यांना वाटतं की आता मी समोरच्याच्या मनातलं ओळखणार. पहिल्याच धड्यात लिहिलंय की हे वर्तनाचं आणि मानसिक प्रक्रियांचं शास्त्र आहे आणि त्याचं काम चार गोष्टी करणं, वर्णन, स्पष्टीकरण, भाकीत आणि नियंत्रण. पाठ झालं. दुसऱ्या धड्यात संशोधनाच्या पद्धती, निरीक्षण, सर्वेक्षण, व्यक्ती-अभ्यास, प्रयोग, तेही पाठ झालं. आणि मग गेल्या आठवड्यात खरी परीक्षा घरातच आली.

माझी धाकटी जाऊ कोल्हापुरात असते, तिची मुलगी ९ वर्षांची. तिला 'मध्यमेंदू जागृती'च्या क्लासला घातलं, दोन रविवारचा कोर्स, फी भरपूर, भिशीचे पैसे मोडून भरले. पोरगी आता डोळ्यांवर काळी पट्टी बांधून रंग ओळखते, पत्त्यातलं पान ओळखते, पेपरचा मथळा वाचते. मी स्वतः बघितलं, हॉलमध्ये पंधरा माणसं होती, सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. आता जाऊबाई धाकट्यालाही घालणार आहे आणि मला म्हणाली, "ताई तुम्ही हेच शिकताय ना, सांगा की खरं आहे का." मला काही बोलताच येईना. मन म्हणतंय असं होत नसतं, पण डोळ्यांनी तर पाहिलंय, आणि 'मन म्हणतंय' हे काही उत्तर नाही. घरच्या घरी हे नीट तपासायचं कसं? पोरीला न दुखावता. कृपया मनापासून सांगा.

अनुस्वार
चांगला प्रश्न. आधी एक शरीरशास्त्राची गोष्ट. मध्यमेंदू म्हणजे काही आतला बंद दिवा नाही, तो जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली आकसणं, आवाज आला की तिकडे मान वळणं यात त्याचा हात असतो. तो 'जागा' नसता तर पोरीला डोळे धड फिरवता आले नसते. आता पट्टीचं. नाक वर आलेलं असतं त्यामुळे पट्टीच्या खालच्या कडेला गालाजवळ फट राहते आणि तिथून खाली मांडीवरचं, हातातलं दिसतं. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) आणि इतर राज्यांतल्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे प्रयोग याच फटीवर उघडे पाडलेत. आत्ता स्वतः करून बघा, ओढणी घट्ट बांधा आणि हातात पेपर धरा.

पण केतकीताई, तुम्हाला 'असं नसतं' एवढंच सांगून काम होणार नाही हेही खरंय. जाऊबाईंनी पाहिलेल्या गोष्टीसमोर तुमचं मत टिकणार नाही. पाहिलेल्या गोष्टीसमोर दुसरी पाहिलेली गोष्टच ठेवावी लागेल.

रानवारा
माफ करा पण मला हे पटत नाही. माझ्या मावसभावाच्या मुलाने हाच कोर्स केलाय, आधी अभ्यासात अगदी मागे होता, सहामाहीत चार विषयात गचका, आणि कोर्सनंतर वार्षिकला सगळे विषय सुटले, आई-बाप समाधानी आहेत. सगळ्याच गोष्टी प्रयोगशाळेत बसत नाहीत हो. तुम्ही आधीच ठरवून बसलात की खोटं आहे, मग तपासणार काय?

जुन्या_वहीतून
मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. धागा बघून राहवलं नाही.

रानवारा, तुमचा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो दोन्ही बाजूंना लागू आहे. आधीच ठरवून बसलेल्या माणसालाही उत्तर चुकवता येऊ नये अशी मांडणी करणं, संशोधनपद्धती म्हणतात ती हीच. मी वर्गात दरवर्षी एका घोड्यापासून सुरुवात करायचे.

बर्लिनमध्ये १९००च्या सुमारास फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते, त्यांच्या घोड्याचं नाव हान्स. बेरीज, भागाकार, अपूर्णांक, तारीख काहीही विचारा, घोडा खूर आपटून उत्तर देणार. मालक पैसेही घेत नव्हता, त्याची मनापासून श्रद्धा होती की आपण घोड्याला शिकवलंय. १९०४ साली कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने समिती बसली, सर्कसवाले, पशुवैद्य असे जाणकार होते, आणि त्यांनाही लबाडी सापडली नाही. कारण लबाडी नव्हतीच! मग श्टुम्फचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट कामाला लागला आणि त्याने फक्त प्रश्न बदलला. 'घोडा हुशार आहे का' हे सोडून 'कोणत्या परिस्थितीत घोडा चुकतो' हे विचारलं. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर? घोडा सपशेल चुकला. घोड्याला विचारणारा दिसत नसेल तर? पुन्हा चुकला. म्हणजे उत्तर माणसाकडून येत होतं. विचारणारा माणूस प्रश्न संपला की नकळत किंचित पुढे झुकायचा आणि बरोबर आकडा आला की डोकं किंचित वर व्हायचं, घोडा तेवढं बघून थांबायचा. हे फुंग्स्टने १९०७ साली पुस्तकात मांडलं, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःला ती खूण देणं थांबवता आलं नाही.

तेव्हा पंधरा माणसांनी पाहिलं, सासूबाई रडल्या, पोरगी प्रामाणिक आहे, हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं आणि तरीही पट्टीतून वाचन होत नसेल.

आता मार्कांचं. मुलाला क्लासला कधी घालतात? मार्क अगदी तळाला गेले की. आणि तळाला गेलेली गोष्ट बहुतेक वेळा पुढच्या खेपेला थोडी वर येतेच, ताप उतरतो तशी, औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. याला सरासरीकडे परत येणं म्हणतात. शिवाय सहामाहीत नापास झालेल्या मुलाच्या मागे घरचे बसतात, शिकवणी लावतात. कोर्स न केलेली, तशीच नापास झालेली चार मुलं वार्षिकला कुठे पोचली हे कळल्याशिवाय वाढलेल्या मार्कांचं श्रेय कोर्सला देता येत नाही. तो दुसरा गट म्हणजे नियंत्रित गट. वर्षानुवर्षं शिकवलं तरी हा शब्द मुलं पाठ करायची, वापरायची नाहीत, याचं मला शेवटपर्यंत वाईट वाटायचं.

केतकी_मिरज
बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, नवऱ्यालाही वाचून दाखवला. घोड्याची गोष्ट आमच्या पुस्तकात चार ओळीत आहे, वुन्टने १८७९ला लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली त्याच्या पुढच्याच पानावर, आणि मी ती गाळलीच होती कारण परीक्षेला येत नाही म्हणे.
अनुस्वार, ओढणी बांधून बघितली. दिसतं हो. अगदी स्वच्छ दिसतं, मान थोडी वर केली की.

चाफेकळी_
एक विचारू का, तुम्ही म्हणताय पोरीने मथळा वाचला, तर पूर्ण मथळा वाचला की दोन शब्द? आणि तुमच्या मिस्टरांना काय आठवतंय? सहज नाही विचारत. मी एका शाळेत समुपदेशक आहे आणि एकाच प्रसंगाच्या तीन हकिकती रोज ऐकते, तिन्ही माणसं खरं बोलत असतात.

केतकी_मिरज
अगं मी विचारलं! मला वाटत होतं पूर्ण ओळ वाचली. हे म्हणाले तिने 'मुख्यमंत्री' एवढं म्हटलं आणि पुढचं तिच्या बाबांनी वाचून दाखवलं. दीर म्हणाले तीन शब्द. आठवडाही झाला नाहीये याला.

चाफेकळी_
तेच. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टसचा १९७४चा प्रयोग तुम्हाला पुढे येईल. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि नंतर विचारलं गाड्यांचा वेग किती होता. फक्त क्रियापद बदललं, काहींना 'गाड्या एकमेकींवर धडाडून आदळल्या' अशा जोरकस शब्दात विचारलं, काहींना 'एकमेकींना लागल्या' असं. जोरकस शब्दवाल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या वर सांगितलं, 'लागल्या'वाल्यांनी ३२च्या आत. फिल्म तीच! आणि दुसऱ्या एका गटाला आठवड्याने विचारलं काचा फुटलेल्या पाहिल्या का, फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती, तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांतले १६ 'हो' म्हणाले, आणि साध्या शब्दात विचारलेल्या ५० जणांतले ७. आता तुमच्या हॉलमध्ये खेळ संपल्यावर सगळे अर्धा तास 'वाचलं गं वाचलं' म्हणत बसले असणार. म्हणून त्या दिवशीच, तिथेच, आकडा कागदावर लिहायचा असतो.

अनुस्वार
चला मग मांडणी करू. ताई, वही घ्या.
चार रंगांचे कार्ड, लाल पिवळा हिरवा निळा, एकाच आकाराचे एकाच कागदाचे. चार चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, दरवेळी एक काढायची, रंग लिहायचा आणि चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा, नाहीतर शेवटी शेवटी अंदाज करता येतो. असे २० वेळा. पहिली पाळी तिच्या नेहमीच्या पद्धतीने, कार्ड हातात किंवा मांडीवर. दुसरी पाळी, पट्टी तीच, खोली तीच, कार्ड तेच, फक्त कार्ड कपाळाच्या उंचीवर समोर धरायचं आणि तिच्या नाकाखाली एक पुठ्ठा आडवा. बदलायची गोष्ट एकच, कार्ड कुठे आहे. तुमच्या पुस्तकात जे स्वतंत्र चल म्हणतात ते हे, आणि किती बरोबर आले ते अवलंबी चल. बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं.

कार्ड धरणाऱ्याला कार्डाचा रंग माहीत नसावा. कार्ड मागून पांढरं, चिठ्ठी दुसऱ्याने काढून कार्ड उलटं हातात द्यायचं. का, तर घोडा. आणि उंदीरही. १९६३ साली रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले, काहींना सांगितलं हे चक्रव्यूहात हुशार जातीचे, काहींना सांगितलं मठ्ठ जातीचे, आणि 'हुशार' सांगितलेले उंदीर खरंच जास्त चांगले निघाले, कारण हाताळणाऱ्यांची वागणूक बदलली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी ठरवा दुसऱ्या पाळीत किती आले तर मानायचं. नुसत्या अंदाजाने २० पैकी सरासरी ५ येतील. ९ किंवा त्याहून जास्त नशिबाने यायची शक्यता शंभरात साधारण ४, आणि १० किंवा जास्तची शंभरात दीडच्याही खाली. म्हणून १० धरा. १० आले तर मी इथे लिहीन की माझं चुकलं. हे आकडे जाऊबाईंनी स्वतः कागदावर लिहावेत, खेळ सुरू व्हायच्या आधी.

जुन्या_वहीतून
छान. एकच भर घालते. दुसऱ्या पाळीत कमी आले तर कुणीही म्हणेल पोर दमली. म्हणून तिसरी पाळी पुन्हा पहिल्यासारखी घ्या. पुन्हा चढले तर दमणं हे कारण नाही.

रानवारा
ही मांडणी मला मान्य आहे. १० आले तर तुम्ही मानणार, नाही आले तर मी विचार करेन. पण मग पत्रिकेबद्दलही असंच म्हणाल का, ते काही असं कार्डावर तपासता येत नाही.

गोदाकाठ
तपासलंय दादा, आपल्याच पुण्यात. जयंत नारळीकरांनी केलेला प्रयोग, सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. २०० पत्रिका घेतल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. सगळ्या मिसळून क्रमांक घातले, कुठली कुणाची हे ज्योतिषांना ठाऊक नाही. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, फक्त एवढंच सांगा की मूल हुशार की मतिमंद. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि एकूण सुमारे ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५०. एका संस्थेला सगळ्या २०० दिल्या होत्या, त्यांची १०२ बरोबर. २००९ साली करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. आणि एक बघा, २७ जणांनी ४० वेळा नाणं उडवलं तर एखाद-दोघांचे २५ छापे सहज पडतील, आणि बातमीत फक्त तोच एक माणूस आला तर तो चमत्कारी वाटेल. म्हणून सगळ्यांचे निकाल मोजायचे, जिंकलेल्याचा एकट्याचा नाही.

रानवारा
हे माहीत नव्हतं. वाचतो.

ओली_माती
मी दोन वर्षांच्या मुलाची आई, फक्त वाचत होते. आमच्याकडे अशाच एका क्लासचं पत्रक आलंय, त्यात 'आमच्याकडच्या मुलांचे मार्क इतरांपेक्षा जास्त'. हे तरी तुलनाच झाली ना? दोन गट आहेत की.

जुन्या_वहीतून
हो, दोन गट आहेत, पण गटात कोण गेलं हे कुणी ठरवलं? चिठ्ठीने नाही ठरलं, आई-बापांच्या खिशाने आणि हौसेने ठरलं. जे घर क्लासला हजारो रुपये घालतं तिथे पुस्तकं असतात, शिकवणी असते, रात्री अभ्यासाला शांत कोपरा असतो.

एक खरा किस्सा सांगते, आई आहात म्हणून लक्षात राहील. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ४७९ मुलांच्या पालकांना विचारलं, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत रात्री खोलीत उजेड होता का. अंधारात झोपणाऱ्यांपैकी १० टक्के मुलांना मायनस नंबर (लांबचं अंधुक दिसणं), नाइट लॅम्पवाल्यांत ३४ टक्के, मोठा दिवा चालू ठेवणाऱ्यांत ५५ टक्के. पायऱ्या बघा कशा चढत जातात. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं, जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटांनी तपासलं तर संबंध सापडेना, आणि मग दिसलं की ज्या आई-बापांना स्वतःला मायनस नंबर आहे ते खोलीत दिवा जास्त ठेवतात, आणि त्यांच्या मुलांना नंबर अनुवंशाने लागतो. दिवा आणि चष्मा दोन्ही तिसऱ्याच कारणाच्या मागे चाललेले. पहिले संशोधक खोटं बोलले नव्हते, सहसंबंध खराच होता, त्याचं कारण तेवढं दुसरं होतं.

चाफेकळी_
केतकीताई, मांडणी पक्की झालीये पण मला आता तुमच्या मूळ प्रश्नातलं शेवटचं वाक्य बोलायचंय, 'पोरीला न दुखावता'. सगळे आकड्यांत गुंतले म्हणून मी लिहितेय.

आमच्या विषयाने मुलांवर वाईट प्रयोग केलेत. १९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी ११ महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच वेळी मागे लोखंडी दांडीवर हातोडा मारायचा असं करून उंदराची भीती बसवली, आणि ती भीती काढून न टाकताच ते बाळ निघून गेलं. पुस्तकात हे अभिसंधानाचं, म्हणजे दोन गोष्टी जोडून सवय लावण्याचं, उदाहरण म्हणून येतं, मला ते वाचताना दरवेळी पोटात कालवतं. मिलग्रॅमच्या प्रयोगात हुकुमावरून दुसऱ्या माणसाला विजेचे शॉक द्यायला सांगायचे, त्यातली माणसं तरी मोठी होती, ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, शॉक खोटे होते पण त्यांना फुटलेला घाम खरा होता. आज संमती, कधीही थांबायची मुभा, नंतर सगळं समजावून सांगणं हे नियम आहेत ते अशा गोष्टींमुळे.

ही पोर ९ वर्षांची आहे. पट्टी बांधल्यावर जे थोडं दिसलं ते तिने सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजी रडली, बाबांनी उचलून घेतलं. टाळ्या मिळाल्या की ते वागणं पक्कं होतं, दाणे मिळतात म्हणून तेच तेच करणाऱ्या स्किनरच्या कबुतरांचं तेच आणि आपलंही तेच. तिला खोटारडी म्हणायला कुणाचीही जीभ वळू नये. पंधरा माणसांसमोर घेऊ नका. तिला आधी विचारा. नको म्हणाली तर नाही. मध्येच थांबते म्हणाली तर तिथेच थांबा, आकडे अर्धे राहिले तरी.

केतकी_मिरज
चाफेकळी, हे तू लिहिलंस म्हणून मी रविवारी जाणार होते ते पुढे ढकललं, आधी जाऊबाईशी फोनवर तासभर बोलले. आम्ही चौघंच, ती, दीर, मी आणि पोरगी. धाकट्याला आजीबरोबर बागेत पाठवू.

बोरूबहाद्दर
+१ चाफेकळी. केतकीताई निकाल काहीही आला तरी लिहा. अवांतर, पुस्तकातल्या प्रयोगांपैकी किती अजून टिकून आहेत? मी ऐकलंय बरेच पडले.

अनुस्वार
२०१५ साली मोठा प्रयत्न झाला होता, मानसशास्त्रातल्या नावाजलेल्या नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळच्या ९७ टक्क्यांत ठळक (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) निकाल होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच आला. मुलांसमोर एक गोड खाऊ ठेवून 'थांबलास तर दोन' असं सांगायचा तो मार्शमेलोचा प्रयोग, तोही २०१८ साली ९०० च्या आसपास मुलांवर पाहिला तर पुढच्या यशाशी संबंध निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर आणखी बराच घटला. काहींना यात विषयाची नाचक्की वाटते, मला तर उलट अभिमान वाटतो, आपलंच घर झाडायला घेतलं.

केतकी_मिरज
काल जाऊन आले. रात्री झोप लागली नाही म्हणून आत्ता पहाटे लिहितेय.

जाऊबाईने कागदावर '१०' लिहून खाली सही केली, तिनेच म्हटलं सही करते. पोरीला विचारलं, रंगांचा खेळ खेळायचा का, कंटाळा आला की सांगायचं, बक्षीस-बिक्षीस काही नाही. ती खूश होती. चिठ्ठ्या दिरांनी स्वयंपाकघरात काढल्या, कार्ड उलटं करून जाऊबाईच्या हातात, मी वहीत लिहायला.

पहिली पाळी, कार्ड मांडीवर. २० पैकी १९. एकच चुकलं, निळ्याला हिरवं म्हणाली. जाऊबाई माझ्याकडे बघून हसली, मलाही क्षणभर वाटलं की असेल बाई काहीतरी.

दुसरी पाळी, पुठ्ठा आडवा, कार्ड कपाळासमोर. ती एकदम हळू झाली. पहिल्या पाळीत दोन सेकंदात सांगायची, आता अर्धा अर्धा मिनिट. मान मागे करून बघायची, मग गप्प बसायची. बाराव्या कार्डाला म्हणाली, "काकू, असं नाही येत मला. आता नको." आणि मी वही बंद केली. १२ पैकी ३.

पट्टी काढली तर डोळे भरलेले. मी जवळ घेतलं आणि म्हटलं तू काही चुकवलं नाहीस, हा खेळ पट्टीचा होता, तुझा नव्हता. मग ती आपणहून बोलली. म्हणाली, खालून थोडं थोडं दिसतं ना, सरांनी सांगितलं होतं ते आतल्या डोळ्याने दिसतं. म्हणजे बघा, तिने कुणाला फसवलंच नव्हतं. दिसत होतं हे खरं, फक्त त्या दिसण्याला नाव दुसरं दिलं गेलं होतं आणि ९ वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसावर विश्वास ठेवला.

दीर उठून गॅलरीत गेले. जाऊबाई बराच वेळ काही बोलली नाही, मग चहा टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी क्लासमध्ये अजून तीस पोरं होती ताई."

जुन्या_वहीतून
वही बंद केलीत ते योग्य केलंत. तिसरी पाळी झाली नाही याचं मुळीच वाईट वाटून घेऊ नका.

अनुस्वार
खरंय. आकड्यांबद्दल मात्र सरळ लिहितो, कारण तेच आपण ठरवलं होतं. १२ पैकी ३ म्हणजे अंदाजाइतकेच, बरोबर चौथा हिस्सा. पण २० झाले नाहीत, तिसरी पाळी नाही, आणि मूल एकच आहे. यावरून 'जगात कुणालाच येत नाही' असं म्हणता येत नाही. 'या मुलीचं वाचन फट बंद केल्यावर थांबलं' एवढं म्हणता येतं.

रानवारा
मी विचार करेन म्हटलं होतं, केला. दमली असेल ही शंका माझ्या मनात अजून आहे आणि ती तिसरी पाळी झाली असती तर गेली असती. पण ती पोर 'खालून दिसतं' म्हणाली यापुढे मला काही बोलता येत नाही. मावसभावाला फोन केला, त्याचा मुलगा कसं वाचतो विचारलं, तो म्हणाला पुस्तक मांडीवर धरूनच.

केतकी_मिरज
मंडळी, धागा वर काढतेय कारण काल असं काही झालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मधे पंधरा दिवस गेले. पोरगी दोन-तीन दिवस गप्प होती म्हणे, मग एक दिवस तिनेच ती कार्डं मागितली. काल आम्ही गेलो तर तिने मला हाताला धरून खोलीत नेलं, दार लावलं, धाकट्या भावाला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या डोळ्यांवर स्वतःची काळी पट्टी बांधली. तो कुठल्याही क्लासला गेलेला नाही. कार्ड मांडीवर ठेवायला लावलं, चिठ्ठ्या मला काढायला लावल्या. १० पैकी ८. मग पुठ्ठा लावला, १० पैकी २. मग पुठ्ठा काढून परत, १० पैकी ९. म्हणजे तिसरी पाळीसुद्धा घेतली तिने, मी तिला सांगितलंही नव्हतं. म्हणाली, "काकू, याला कुणी शिकवलं नाही तरी याला पण येतं."

बाई, आपण एवढे सगळे बोललो, चल म्हणालो, चिठ्ठ्या म्हणालो, आणि क्लासला न गेलेलं मूल बसवून बघावं हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही!

जुन्या_वहीतून
नाही सुचलं. मार्कांच्या वेळी नियंत्रित गटावर मी एवढं लिहिलं आणि इथे मला दिसला नाही. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, मोठ्या अक्षरात नाव घालून एक वही पाठवते, पत्ता मला व्यक्तिगत निरोपातून कळवा.

चाफेकळी_
डोळ्यात पाणी आलं. ती आता परीक्षा देणारी नाही, घेणारी झाली.

रानवारा
भावाच्या दोन्ही पाळ्या आणि तिसरी वाचली. माझी शंका गेली.

ओली_माती
मी पत्रक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, आता हा धागाही टाकतेय. चालेल ना ताई?

केतकी_मिरज
चालेल की. जाऊबाईनेही त्या दिवशीच्या दोन आयांना घरी बोलावलंय पुढच्या रविवारी, कार्डं तयार आहेत. पोरीने वहीत रकाने आखलेत, नाव, वय, क्लास केला का, पट्टी, पुठ्ठा. आजोबांचीही घ्यायची म्हणतेय, पण म्हणाली त्यांचं नाक मोठं आहे, फट जास्त राहील, त्यांचं वेगळ्या पानावर लिहूया.